कातळ ओळखीचा, रान परकं

मॉरिशसला जाऊन आलेल्या माणसाच्या फोनमध्ये निळं पाणी असतं, पांढरी वाळू असते आणि लाइफ जॅकेट घालून दोन बोटं वर केलेली मंडळी असतात. डोंगर सहसा नसतो. टूरवाले एक दिवस ‘साउथ आयलंड’ म्हणून ठेवतात. त्या दिवशी बस घाट चढते, धबधबा, सात रंगांची माती आणि शंकराची मूर्ती एवढं उरकते आणि दिवेलागणीला हॉटेलवर आणून सोडते. ही सहल केलेल्या ओळखीच्या लोकांना विचारलं, तर सगळ्यांना पक्कं आठवत होतं ते एकच, जेवण फार उशिरा मिळालं. तेव्हाच ठरवलं की हा दिवस आपला आपण काढायचा. गाडी भाड्याने घ्यायची, सकाळी लवकर निघायचं, मनात येईल तिथे थांबायचं.

गाडी मी चालवणार, हे न बोलताच ठरलेलं होतं. आमच्या घरात सपाट रस्ता हे चालवतात आणि घाट मी. ह्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, धरणाच्या पायाला पक्का कातळ किती खोल लागतो ते बघण्यात. त्यामुळे रस्त्याकडेला डोंगर कापलेला दिसला की ह्यांची मान तिकडे वळते आणि बराच वेळ परत येत नाही. असा माणूस घाटात स्टिअरिंगवर नसलेला बरा.

फ्लिक-आँ-फ्लाकच्या आमच्या हॉटेलवर गाडीवाला आदल्या संध्याकाळीच एक छोटी पांढरी ऑटोमॅटिक गाडी लावून गेला. दारावरच्या, बंपरवरच्या एकेका ओरखड्यासाठी त्याने कागदावर फुली मारली, माझं पुण्याचं लायसन्स उलटसुलट करून पाहिलं, कार्डावर अनामत रक्कम अडकवून ठेवली आणि जाता जाता सांगितलं, “वर पाऊस असेल. इथे ऊन असलं तरी वर असेल.” ह्याचं कारण आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होतं. इथे वारा आग्नेयेकडून येतो, मधल्या पठारावर ढग रिकामे करतो आणि पश्चिम किनाऱ्याला कोरडा पोचतो. ताम्हिणीत बदाबदा आणि दौंडला ठणठणाट, तोच हिशेब, फक्त दिशा वेगळी.

मे महिना होता, म्हणजे तिकडे थंडीची सुरुवात. गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे हाताला काही वेगळं शिकवावं लागलं नाही. वेगळं एवढंच होतं की रस्त्याला साइडपट्टी अशी नाहीच. डांबर संपलं की थेट गटार, आणि गटार संपलं की ऊस. मॅपवरची बाई फ्रेंच गावांची नावं इंग्रजी थाटात अशी काही वाचत होती, की शेवटी तिला गप्प करून ह्यांनी कागदी नकाशा मांडीवर घेतला. प्रत्येक वळणाच्या आधी ह्यांचं सुरू, “हॉर्न दे, हॉर्न दे.” मी पहिल्या दोन-तीन वळणांना दिलासुद्धा. समोरून आलेल्या बाईने माझ्याकडे असं काही पाहिलं, की जणू मी तिला हाक मारून काही बोललेच नाही. तिथे वळणावर कोणी हॉर्न देत नाही. वेग कमी करतात, बस्स. नंतर दिवसभर मीही दिला नाही.

तामारँची मिठागरं मागे टाकली आणि डावीकडे उसामागे डोंगर उभे राहिले. मी उभे म्हणते ते अगदी शब्दशः. आपल्याकडे सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी चढतो, माथा सपाट असतो, किल्ला बांधायला तयार. इथले सुळके मात्र सुटे सुटे, तिरपे, एखाद्याचं टोक एका बाजूला कललेलं. दोघांनाही एकाच वेळी वाटलं की हे आपलंच आहे, आणि त्याच वेळी हेही, की काहीतरी चुकतंय.

मला ह्या ‘अगदी आपल्यासारखं’ची थोडी चीडच आहे. मराठी माणूस केरळात गेला की म्हणतो अगदी कोकण, श्रीलंकेत गेला की अगदी कोकण, बालीला गेला तरी अगदी कोकण. मग तिकीट काढून गेलात कशाला, गुहागरला जायचं होतं. म्हणून मी तोंडातून तो शब्द काढायचा नाही असं ठरवलं होतं. तो काढला ह्यांनी, आणि तोही डोंगराबद्दल नाही, दगडाबद्दल.

झालं असं, की उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे ढीग दिसायला लागले. विस्कटलेले ढीग नव्हेत, नीट रचलेले. खाली रुंद, वर निमुळते, काही दोन पुरुष उंच. मे महिन्यात उसाला तुरे येतात. त्या रुपेरी तुऱ्यांच्या वर हे काळे मनोरे डोकं काढून होते. शेतरस्त्याचं तोंड सापडलं तिथे गाडी लावली. हे उतरून पहिल्याच ढिगापाशी गेले आणि एक दगड हातात घेऊन माझ्यासमोर धरला. “बघ, आपलाच बेसॉल्ट.”

दगडभर बारीक भोकं होती. लाव्हा थिजताना त्यातली हवा अडकून राहते, तिची ती भोकं. आपल्याकडे पुण्याच्या आसपास कुठेही दगड फोडला तरी अशी भोकं सापडतात, पण ती बहुतेक भरलेली. कोट्यवधी वर्षं पाणी झिरपून त्यांत पांढरी, हिरवी, गुलाबी खनिजं जमलेली असतात. लहानपणी आम्ही डोंगरउतारावरून ज्या गारगोट्या गोळा करायचो, त्या ह्या भोकांतल्याच. ह्या दगडाची भोकं मात्र रिकामी. करंगळीच्या नखाने आत चाचपलं तर नुसती माती निघाली. “वय कमी आहे ह्याचं,” हे म्हणाले, “अजून भरायला वेळ मिळालेला नाही.” आणि मग उसाच्या बांधावर उभं राहून माझी शिकवणी सुरू झाली. पूर्वी कधी तरी ऐकलेलं होतं, पण दगड हातात असताना ऐकणं वेगळं.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताची जमीन दक्षिणेकडून वर सरकत येत होती. ती पृथ्वीच्या पोटातल्या एका धगधगत्या जागेवरून जाऊ लागली. तिथून लाव्हा भेगाभेगांतून उसळला, थरावर थर पसरत गेला, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्या थरांचा बनला. सह्याद्रीच्या कड्यावर आडव्या रेघा दिसतात, त्या ह्या थरांच्या. जमीन उत्तरेकडे निघून गेली, आग मात्र जवळपास तिथेच राहिली. मग त्याच आगीने मागे समुद्रात लक्षद्वीप, मालदीव, छागोस ह्यांच्याखालचे डोंगर उभे केले. मध्ये समुद्रतळाची मोठी भेगच त्या जागेवरून सरकली, त्यामुळे पुढची बेटं आफ्रिकेच्या बाजूच्या भूपट्टावर जन्माला आली. त्यांतलं मॉरिशस साधारण ८० लाख वर्षांचं. आज ती आग दोनशेएक किलोमीटरवरच्या रेयुनियन बेटाखाली आहे, आणि तिथला ज्वालामुखी अजूनही वरचेवर पेटतो. बहुतेक भूशास्त्रज्ञांना हे मान्य आहे, तपशिलात वाद आहेत, हेही ह्यांनी प्रामाणिकपणे जोडलं. सरकारी अहवाल लिहिण्याची सवय.

मॉरिशसचे डोंगर सुळक्यांचे का, ह्याचंही उत्तर त्यात होतं. आपल्याकडे लाव्हा भेगांतून निघून पसरला, म्हणून पठार झालं. इथे एक प्रचंड ज्वालामुखी उभा राहिला, तो मधोमध ढासळला, आणि आज दिसतात ते त्याच्या काठाचे उरलेसुरले तुकडे. त्यातला सगळ्यात उंच ८२८ मीटर. कळसूबाई १६४६. हे सांगताना ह्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो ह्यांनी स्वतः कळसूबाई रचल्यासारखा होता.

दगडांच्या मनोऱ्यांबद्दल मात्र मला जास्त माहीत होतं, कारण निघण्यापूर्वी मी वाचलं होतं. हे बेट मूळचं कोणाचंच नाही. इथे आदिवासी नव्हते. डच आले, त्यांनी १६३९ मध्ये ऊस आणला आणि १७१० मध्ये बेट सोडून गेले. मग फ्रेंच आले, मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांकडून त्यांनी ऊस वाढवला. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट घेतलं. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांनी पर्याय आधीच शोधून ठेवला होता. १८३४ पासून कलकत्ता, मद्रास आणि मुंबई बंदरांतून करारावर हिंदुस्थानी मजूर यायला लागले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत साडेचार लाखांहून जास्त. मुंबईहून आलेल्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरी भागातले पुष्कळ. ऊस लावायचा तर आधी जमिनीतला दगड काढला पाहिजे, आणि इथली जमीन म्हणजे निम्मी दगडच. तो हाताने काढला, डोक्यावरून वाहिला, शेताच्या मध्ये रचला. आधी गुलामांनी, मग मजुरांनी. यंत्रं फार उशिरा आली.

मी त्या ढिगाभोवती चालत गेले. खालच्या रांगेत मोठे दगड, सपाट बाजू बाहेर, फटींत चिपा ठोकलेल्या. चुना नाही, माती नाही. माझं माहेर चिपळूणकडचं, आमच्या आवाराचे गडगे असेच रचलेले होते. हा ढीग रचणारा कोकणातला होता असं मी म्हणणार नाही. मोझांबिकचा असेल, बिहारचा असेल. दगड रचायची अक्कल कुठल्या एका गावाची नसते. पण एखादा असेलही, आणि त्याला आपण उचलतोय तो दगड घरच्यासारखा का दिसतो, हे कोणी सांगितलं नसणार.

काझ नोयालच्या चर्चपाशी डावीकडे वळलं की शामारेलचा घाट. छोटाच आहे, वरंधा किंवा कुंभार्लीच्या मानाने पोरखेळ, पण चढ खडा आणि वळणं आखूड. ऑटोमॅटिक गाडी चढावर कण्हत होती. एका वळणावर आरशात ल मॉर्नचा कातळ आणि त्याभोवतीचं फिकट हिरवं पाणी सबंध दिसलं आणि मी गाडी जरा जास्तच हळू केली. मागचा टेम्पोवाला शांतपणे थांबला. परत हॉर्न नाही. मला ते शांत थांबणं हॉर्नपेक्षा जास्त बोचलं.

शामारेलच्या धबधब्याबद्दल फार लिहीत नाही. ऐंशी मीटरहून उंच आहे, सरळ आहे, देखणा आहे, आणि त्याच्यासमोर फोटोसाठी रांग आहे. पावसाळ्यात आंबोलीपासून माळशेजपर्यंत हिंडलेल्या माणसाने तिथे पाच मिनिटं गप्प उभं राहावं आणि पुढे जावं.

सात रंगांच्या मातीशी मात्र आमचा बराच वेळ गेला. तिकीट काढून आत गेल्यावर लाकडी कठड्यापलीकडे मातीच्या उघड्या लाटा आहेत. तांबडी, तपकिरी, जांभळट, मध्येच निळसर, मध्येच पिवळी. झाड नाही, गवताची काडी नाही. सातच रंग असतात का ह्यावर शेजारच्या एका कुटुंबात जोरदार मोजणी चालू होती. हे कठड्यावर कोपरं टेकून खूश होऊन म्हणाले, “जांभा!” मला आधी पटेना. आमच्या परसातला चिरा कुठे आणि हे तिकिटाचं सौंदर्य कुठे. पण कृती तीच आहे. बेसॉल्टवर उष्ण प्रदेशातला पाऊस हजारो वर्षं पडत राहिला, की विरघळणारं सगळं वाहून जातं आणि लोह व ॲल्युमिनियमची ऑक्साइडं मागे राहतात. लोहाने तांबडा येतो, ॲल्युमिनियमकडून निळा-जांभळा. आपल्याकडे त्याचे चिरे कापून घरं, विहिरी आणि देवळं बांधली. इथे त्याभोवती कठडा घातला. दुकानात काचेच्या नळ्यांत सात थर भरून विकायला ठेवलेले होते. ह्यांनी एक नळी हलवून, उजेडात धरून, परत जागेवर ठेवली.

दालपुरी आम्ही सकाळी निघतानाच बांधून घेतली होती. ती शामारेलच्या पुढे, रस्त्याकडेच्या एका मोकळ्या जागेत, बॉनेटवर कागद पसरून खाल्ली. मॉरिशसमध्ये ही जोडीनेच मिळते, एक मागायची सोय नाही. आत दळलेली चण्याची डाळ, हळद, जिरं. गूळ नसलेली पुरणपोळी म्हणायला हरकत नाही, पण इतकी पातळ आणि मऊ की हातात दुमडून राहत नाही. वर पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा सार आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. मिरचीने दोघांच्याही डोळ्यांतून पाणी आलं. जेवण वेळेवर झालं, हे इथे मुद्दाम नोंदवते.

शामारेलहून प्लेन शाँपान्यकडे चढायला लागलं की पाचेक मिनिटांत ऋतू बदलतो. काचेवर भुरभुर, हवेत गारवा, दोन्ही बाजूंना गच्च हिरवं. गाडीच्या काचा खाली केल्या आणि शिपाई बुलबुल बोलला. मागोमाग साळुंक्या. डोळे मिटले असते तर मी महाबळेश्वर म्हटलं असतं.

आणि नेमकं तेच फसवं आहे. शिपाई बुलबुल इथला नाही. १८९२ मध्ये तो ह्या बेटावर आणला गेला आणि मोकाट वाढला. साळुंकी बाहेरची. रस्ता ओलांडून गेलेलं मुंगूस आपल्याच देशातून, उंदीर मारायला म्हणून आणलेलं. उंदीर राहिले ते राहिले, इथल्या पक्ष्यांची अंडी मात्र गेली. कठड्यावर बसलेली माकडं आग्नेय आशियातली, डोंगरउतारावर हातपंख्याच्या आकाराची पानं पसरून उभी असलेली झाडं मादागास्करची, हरणं जावाची. आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना जी गच्च हिरवी भिंत होती, ती चिनी पेरूची. त्याचं मूळ ना चीन ना मॉरिशस, ते आहे ब्राझीलचं. हे लालबुंद, बोराएवढे पेरू मेच्या आसपास पिकतात, माणसं पिशव्या घेऊन रानात शिरतात, पक्षी-माकडं बिया पसरवतात, आणि तळातली मूळची रोपं सावलीत गुदमरून मरतात.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस हे इथलं राष्ट्रीय उद्यान १९९४ मध्ये घोषित झालं, क्षेत्र साधारण ६७ चौरस किलोमीटर. संपूर्ण बेटावर चांगलं, अस्सल असं मूळ रान दोन टक्क्यांहूनही कमी उरलंय, आणि त्यातलं बरंचसं ह्या दऱ्यांत आहे. अस्सल म्हणजे एबनीचं, ज्याच्या काळ्या लाकडासाठी डचांनी जंगल तोडलं ते. डोडो गेला, तो सतराव्या शतकातच. पण त्याच्यामागून जाणाऱ्यांची रांग मोठी होती. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते. जंगल गेलेलं होतंच, वर डीडीटी. गुलाबी कबुतरं १९९०च्या सुमारास दहाच्या घरात. माणसांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, खाणं घालून, मुंगसं-उंदीर पकडून ही पाखरं परत शेकड्यांत नेली. रानाचा एकेक तुकडा कुंपण घालून पेरूपासून सोडवायचं कामही चालू आहे, आणि ते कधी संपणारं नाही. एकदा साफ केलेला तुकडा पुन्हा पुन्हा हाताने खुरपावा लागतो.

गॉर्जेसच्या व्ह्यू पॉइंटवर धुकं होतं. काही दिसेना, म्हणून अर्धीअधिक माणसं परत फिरली. आम्ही घाटमाथ्यावरची माणसं, आम्हाला माहीत असतं की थांबायचं. थांबलो. धुकं फाटलं आणि खाली दरी उघडली, दूर तळाला नदी, पलीकडे पश्चिमेचा समुद्र, आणि मधल्या पोकळीत दोन शुभ्र पक्षी. शेपटीला दोन लांबलचक पिसं, अंगापेक्षाही लांब. ते पंख फारसे न हलवता दरीच्या भिंतीजवळून एकदा ह्या टोकाला, एकदा त्या टोकाला जात होते. मॉरिशसच्या विमानांवर हाच पक्षी रंगवलेला असतो. समुद्रावर मासे मारायचे आणि घरटं डोंगराच्या कपारीत करायचं, असा त्याचा संसार. हा ओळखीचा नव्हता. मला तो सगळ्यात आवडला, तो त्यामुळेच असणार.

पार्किंगपाशी एक आजोबा पेरू विकत होते. प्लास्टिकच्या ग्लासात पेरू, वर तिखट-मीठ. आमचं आपसातलं बोलणं ऐकून त्यांनी विचारलं, “मराठी?” आणि मग सावकाश, शब्द निवडत, “आमचं घर पण मराठी.” त्यांचं पुढचं बोलणं क्रिऑल, हिंदी आणि मराठी ह्यांच्या मिश्रणातून झालं. मराठी ते शाळेत आणि देवळात शिकलेले. घरात क्रिऑल. आरत्या मात्र सगळ्या पाठ. गणेश चतुर्थीला तिथे देशभर सुट्टी असते, आणि त्या दिवसांत आपली जाखडी असते तशी तिथे झाकरी चालते, गोल फेर धरून. आजोबा तरुणपणी नाचायचे, आता नुसते बसून गातात.

ह्यांनी अर्थातच विचारलं, गाव कुठलं. “रत्नागिरी.” रत्नागिरीत कुठलं? त्यांनी खांदे उडवले. आडनाव विचारलं तर त्यांनी जे सांगितलं ते आडनाव नव्हतंच, कोणा मूळ पुरुषाचं पाळण्यातलं नाव होतं. बोटीतून उतरल्यावर कारकुनाने जे लिहून घेतलं ते घराण्याला चिकटलं. मोका गावातल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या काळच्या मजुरांचे दप्तर जपून ठेवलेले आहेत, तिथे शोधलं तर गाव सापडू शकतं. आजोबांना हे ठाऊक होतं. “मुलगा म्हणतो जाऊ या. जायचं राहिलं.” बोलताना त्यांचा एक हात ग्लासं भरत होता.

आमचे डोळे भरून यायच्या बेतात होते, त्यांचे नव्हते. त्यांना जास्त रस होता तो मुंबईत पेरू काय भावाने जातो ह्यात. मी सांगितलं, त्यांनी मनातल्या मनात रुपयांचा हिशेब केला आणि समाधानाने मान हलवली. आपला माणूस म्हणून आम्हाला एक पैसाही कमी केला नाही, जास्तही लावला नाही. मला वाटतं हेच ठीक आहे. त्यांच्या पणजोबांना ज्या गावाने जेवायला दिलं नाही, त्या गावाचं प्रेम आम्ही त्यांच्याकडे येऊन मागणं जरा अतीच झालं असतं. पेरू आंबटगोड आणि फार बियांचे होते. ह्यांनी तीन ग्लास घेतले.

ग्राँ बासँला, म्हणजे गंगातलावाला, पोचलो तेव्हा पाऊस चांगलाच लागला होता. दारातच १०८ फुटी मंगल महादेव. २००७ मध्ये उभारलेला, बडोद्याच्या सूरसागर तलावातल्या शंकरावरून बेतलेला. समोर तेवढीच उंच दुर्गा. मला इतकी मोठी देवं बघितली की मान दुखते, श्रद्धा वाटत नाही. पण खाली तळ्याशी गेलं की वेगळं आहे. हे तळं म्हणजे जुन्या ज्वालामुखीचं मुख. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला त्रिओले गावच्या एका पुजाऱ्याला स्वप्नात ते दिसलं, आणि महाशिवरात्रीला तिथे जाण्याची प्रथा पडली. १९७२ मध्ये त्यात गंगेचं पाणी आणून ओतलं. आज महाशिवरात्रीला लाखो माणसं बेटाच्या कानाकोपऱ्यातून कावडी घेऊन चालत येतात. त्या दिवशी मात्र आम्ही, एक ओलं माकड आणि पायरीपाशी येऊन तोंड उघडणारे मासे, एवढेच. छत्री गाडीत राहिली होती. “चल,” हे म्हणाले, “ज्वालामुखीत भिजून झालं.”

चहाच्या मळ्यांतून सुइयाककडे उतरलो आणि किनाऱ्याने पश्चिमेला वळलो. दक्षिणेचा हा रस्ता घाईने करू नये. माकोंदेला तो समुद्रात घुसलेल्या कातळाला वळसा घालतो, आणि त्या वळणावर एका बाजूला पाषाण, दुसऱ्या बाजूला लाटा, मध्ये जेमतेम गाडीपुरतं डांबर. तिथे आवाज न करता वळताना माझा उजवा हात आपोआप हॉर्नकडे गेला होता, हे ह्यांनी पाहिलं आणि काही बोलले नाहीत.

पुढे ल मॉर्न. सकाळी आरशात दिसलेला कातळ आता समोरून, ५५६ मीटर, कडे सरळ तुटलेले. पळून आलेले गुलाम ह्या कड्यावरच्या कपारींत राहत. सांगतात ते असं, की १८३५ मध्ये शिपाई त्यांच्याकडे सुटकेची बातमी घेऊन निघाले. वरच्यांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या. कागदोपत्री पुरावा कितपत, ह्यावर अभ्यासकांचं एकमत नाही, पण इथले लोक ती गोष्ट दरवर्षी १ फेब्रुवारीला सांगतात. २००८ मध्ये युनेस्कोने हा डोंगर जागतिक वारशात घेतला. मी गाडीतूनच बराच वेळ बघत बसले. दगड तोच होता. सकाळपासून दिवसभर तोच तर होता. पण ह्याबद्दल ‘आपला’ म्हणायला जीभ उचलेना, आणि ह्यांनीही बेसॉल्टचा ‘ब’ काढला नाही.

अंधार तिकडे त्या दिवसांत सहाच्या आतच पडतो. हॉटेलवर आल्यावर मी दरीचा, दगडी मनोऱ्याचा आणि तांबड्या मातीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. मिनिटभरात नणंदेचं उत्तर, “अय्या, हे तर आंबोली!” ह्यांनी चष्मा लावला आणि कॉटवर बसून ६.६ कोटी वर्षांपासून सुरुवात करत एक लांबलचक मेसेज टाइप केला. लक्षद्वीप आलं, मालदीव आलं, रिकाम्या आणि भरलेल्या भोकांचा फरक आला, शेवटी जांभाही आला. मेसेज गेला, सगळ्यांच्या निळ्या टिका आल्या. दहा मिनिटांनी धाकट्या दिराने अंगठा टाकला आणि नणंदेने विचारलं, “बीचचे नाहीत का काढले?”